शेजाऱ्याचा सल्ला : महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र



वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे अशी प्रथा आहे. अशी चरित्रे आपण वाचतो, क्षणभर भारावून जातो आणि मग म्हणतो, ती माणसे निराळीच होती, आपल्या पोराबाळांना ते कसे जमणार! म्हणून यंदा मुद्दाम असे चरित्र निवडले आहे की, ज्याच्या नायकाला लहानपणी शाळेतून काढले होते. काढणारा कोणी शत्रू नव्हता, त्याचा प्रेमळ बापच होता. आणि त्या बापाचे मन वळवून मुलाला पुन्हा शाळेत घालण्यास कारण झालेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एक आपल्या समाजातील मुन्शी होता. तो मुलगा म्हणजे महात्मा जोतीराव फुले.

शिक्षकी पेशात असल्याने दरवर्षी जूनमध्ये नव्या वर्गाला मी एक प्रश्न विचारतो : पुढे कोण होणार? उत्तरे बहुधा मुलांच्या घरातून आणि गल्लीतून आलेली असतात. ज्याच्या चुलत्याचे गॅरेज आहे तो गॅरेज काढणार म्हणतो. ज्याचे मामा एस. टी.त आहेत तो ड्रायव्हर होणार म्हणतो. वेल्ह्याकडच्या वाडीवरून आलेला मुलगा पुण्यात हॉटेलात कामाला लागलेल्या थोरल्या भावाचे नाव घेतो. बांगड्यांच्या दुकानदाराची मुलगी मात्र नुसती हसते, कारण हा प्रश्न तिला घरी कोणी विचारलेलाच नसतो. या धंद्यांत कमीपणा मुळीच नाही, कष्टाची भाकरी कोणतीही गोडच. मुद्दा एवढाच की, माणूस जे पाहतो तेच मागतो. आपली अपेक्षा आपल्या अनुभवाच्या मापाने बेतलेली असते आणि वागणे त्या अपेक्षेप्रमाणे होते. जोतीरावांच्या आयुष्यात ही गोष्ट पावलोपावली दिसते, आणि हे माप वाढवता येते हेही दिसते.

घराणे आणि बालपण

जोतीरावांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. आडनाव गोऱ्हे. पणजोबा गावात चौगुल्याचे काम करीत. गावच्या कुलकर्ण्याशी त्यांचे वाकडे आले आणि गाव सोडावे लागले. मग हे कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडीस आले. आजोबा शेटीबा पुढे पुण्यात आले. त्यांच्या मुलांनी फुलांच्या धंद्यात नाव काढले, पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरविण्याचे काम मिळवले आणि इनाम जमीनही मिळवली. फुलांच्या या व्यवसायावरून लोक त्यांना फुले म्हणू लागले. पुढे गोविंदरावांनी पुण्यात भाजीपाल्याची शेती आणि दुकान चालवले. गोविंदराव म्हणजे जोतीरावांचे वडील.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. पेशवाई बुडून तेव्हा नऊच वर्षे झाली होती. मूल वर्षाचेही झाले नव्हते तोच आई चिमणाबाई वारली. गोविंदरावांच्या नात्यातील सगुणाबाई क्षीरसागर यांनी जोतीरावांना सांभाळले. सगुणाबाई एका मिशनरी साहेबाच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत. त्यामुळे भाजीच्या मळ्यापलीकडेही एक जग आहे, तिथे मुले पुस्तके हाताळतात, हे त्यांनी पाहिले होते. हे पाहणे पुढे फार उपयोगी पडले.

शाळा सुटली

सातव्या वर्षी, म्हणजे १८३४ साली, गोविंदरावांनी जोतीरावांना शाळेत घातले. त्या काळात माळ्याच्या मुलाने शाळेत जाणे ही नवलाची गोष्ट होती. तीन-चार वर्षे शाळा नीट चालली. मग गोविंदरावांच्या दुकानातील कारकुनाने त्यांचे कान भरले. शिकल्याने पोरगा शेतीतून उठेल, अशी भीती त्याने घातली. गोविंदराव डगमगले आणि १८३८ च्या सुमारास जोतीरावांच्या हातातली पाटी जाऊन कुदळ आली.

पालकहो, इथे क्षणभर थांबून गोविंदरावांचा विचार करा. त्यांना मुलाचे वाईट करायचे होते काय? मुळीच नाही. त्यांच्या आजोबांना ज्याच्याशी बिनसल्यामुळे गाव सोडावे लागले तो कुलकर्णी लिहिता-वाचता होता. घराला बरे दिवस आले ते फुलांमुळे आणि मातीतल्या कष्टामुळे, अक्षरांमुळे नव्हे. आपल्यासारख्याच्या पोराचे शिक्षणाने भले झाले, असे एकही उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते. दुकानात हिशेब लिहिणारा कारकून हाच त्यांच्या ओळखीतला जाणता माणूस. म्हणजे ज्याच्याजवळ अक्षर होते त्यालाच विचारले गेले की, माझ्या पोराने अक्षर शिकावे काय! उत्तर काय येणार ते ठरलेलेच होते. गोविंदरावांची चूक झाली ती माया कमी असल्यामुळे नव्हे. सल्ला घ्यायला त्यांच्याकडे दुसरा माणूस नव्हता.

शाळा सुटल्यावर त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्नही झाले. १८४० साली तेरा वर्षांच्या जोतीरावांचा विवाह नऊ वर्षांच्या सावित्रीबाईंशी झाला. सावित्रीबाई नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची मुलगी. हे नायगाव आपल्यापासून दूर नाही. भोर तालुक्याची हद्द संपवून नीरा ओलांडली की शिरवळ आणि तिथून जवळच खंडाळा तालुक्यातले नायगाव. एका मळ्यात राबणारा मुलगा आणि त्याची निरक्षर बायको. इथेच गोष्ट संपली असती तर त्या दोघांची नावे आज कोणास ठाऊक असती?

दोन शेजारी

गोविंदरावांच्या शेजारी गफ्फार बेग मुन्शी नावाचे गृहस्थ राहत. ते उर्दू-फारसीचे जाणकार शिक्षक होते. दुसरे शेजारी लिजिटसाहेब हे ख्रिस्ती गृहस्थ. मळ्यात दिवसभर राबून रात्री दिव्याच्या उजेडात पुस्तक उघडणारा हा पोरगा या दोघांच्या नजरेत भरला. त्याची बुद्धी त्यांनी पारखली आणि ते गोविंदरावांकडे गेले. मुलाला शाळेतून काढणे हे त्याचे नुकसान करणे आहे, असे त्यांनी समजावून सांगितले. गोविंदरावांना ते पटले. १८४१ साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. १८४७ पर्यंत त्यांनी तिथला अभ्यासक्रम पुरा केला.

गोविंदराव तेच, मुलगा तोच आणि घरची परिस्थितीही तीच. बदलला तो फक्त सल्ला. कारकुनाच्या शब्दाने शाळा सुटली आणि मुन्शींच्या शब्दाने ती पुन्हा सुरू झाली. मुन्शींचे हे काम मोजायला गेले तर किती लहान! शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसायचे आणि त्याला समजेल अशा भाषेत चार गोष्टी सांगायच्या. पण ज्याची स्वतःची भाकरी अक्षरांवर चालली होती असा माणूस गोविंदरावांशी प्रथमच आपुलकीने बोलत होता. त्यांच्या अनुभवात एका नव्या माणसाची भर पडली आणि मुलाकडे पाहण्याची दृष्टी पालटली.

या संदर्भात शिक्षणशास्त्राच्या अभ्यासात येणारा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत रोझेन्थल आणि जेकबसन या दोघांनी एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावे दिली आणि ही मुले या वर्षी चांगली प्रगती करतील असे सांगितले. प्रत्यक्षात ती नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढलेली होती. वर्षअखेरीस खालच्या वर्गांतील त्या मुलांनी इतरांपेक्षा जास्त प्रगती केलेली आढळली. १८४१ मध्ये मुन्शींनी ओट्यावर बसून जे केले, त्याचा अर्थ सांगणारा हा प्रयोग १९६८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि परिणाम सर्वत्र तेवढाच दिसतो असेही नाही. तरीही मोठ्यांची नजर मुलाला कळते आणि त्याचा अभ्यासावर परिणाम होतो, हे कोणत्याही शिक्षकाला अनुभवाने ठाऊक आहे.

एकच प्रसंग, दोन अनुभव

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाचे जोतीरावांना आमंत्रण आले. ते वरातीत सामील झाले. वरातीतील काही कर्मठांनी त्यांची जात ओळखली आणि सर्वांदेखत अपमान करून त्यांना बाजूला काढले. जोतीराव संतापाने घरी आले व त्यांनी सारी हकीकत वडिलांना सांगितली.

गोविंदरावांची समजूत निराळी होती. त्यांनी पेशवाई पाहिली होती. तेव्हा अशा आगळिकीला कठोर शिक्षा झाली असती, नुसत्या बोलण्यावर निभावले हे नशीबच, असे त्यांनी मुलाला समजावले. मुलाला मात्र ते पटेना. तो काही वर्षे अशा शाळेत शिकला होता की, जिथे निरनिराळ्या जातींची मुले एका बाकावर बसत. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे त्याचे जिवलग मित्र ब्राह्मण होते. लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत तो दांडपट्टा शिकला होता. माणसाच्या हक्कांवर थॉमस पेनने लिहिलेला ग्रंथ त्याने नुकताच वाचला होता.

वाचकहो, अपमान एकच होता. बापाला तो रीतीप्रमाणे वाटला, मुलाला तो अन्याय वाटला. बापाचे मन दगडाचे होते असे नव्हे आणि मुलगा उद्धट होता असेही नव्हे. दोघांनी जग वेगवेगळे पाहिले होते. ज्याने समान वागणूक कधी अनुभवलीच नाही त्याला विषमता टोचत नाही. ज्याने ती थोडी तरी अनुभवली त्याला ती क्षणोक्षणी टोचते. आपली मुले शिकून घरी येतात आणि घरच्या जुन्या रीतींना प्रश्न करतात तेव्हा आपल्याला राग येतो. त्या वेळी गोविंदराव आणि जोतीराव आठवावेत. मूल बिघडलेले नसते, त्याने आपल्याहून वेगळे काही पाहिलेले असते.

अपमान पुष्कळांच्या वाट्याला येतो. त्यातून कोणी खचतो, कोणी सूड घेतो. जोतीरावांनी निराळा मार्ग धरला. आपल्याला शाळेने डोळे दिले, तेव्हा ज्यांना शाळा नाही त्यांना ती द्यावी, असे त्यांच्या मनाने घेतले.

पहिली शाळा

त्याच सुमारास ते मित्र गोवंडे यांच्याकडे अहमदनगरला गेले. तिथे फॅरारबाईंची मिशनची मुलींची शाळा चालत असे. मुली शिकतात, वाचतात, उत्तरे देतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ऐकलेल्या शंभर गोष्टींपेक्षा पाहिलेली एक गोष्ट भारी ठरते. पुण्यास परतताच १८४८ मध्ये त्यांनी बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. वाडा तात्यासाहेब भिड्यांचा. वरातीतून हाकलणारे जसे ब्राह्मण होते तसा शाळेला जागा देणाराही ब्राह्मण होता, हे विसरून चालणार नाही. एका अनुभवावरून साऱ्या जमातीला तोलू नये, हाही या चरित्रातला धडा आहे. या वाड्याची मोडकळीस आलेली इमारत २०२३ च्या डिसेंबरात उतरवली गेली. राष्ट्रीय स्मारकासाठी ती जागा घेतलेली आहे.

मुलींना शिकवायला शिक्षिका कोठून आणायची? जोतीरावांनी स्वतःच्या पत्नीस शिकवले. सावित्रीबाईंनी पुढे अध्यापनाचे शिक्षणही घेतले आणि त्या शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना लोक त्यांच्यावर शेण-चिखल फेकीत. म्हणून त्या एक जादा लुगडे बरोबर नेत, शाळेत पोहोचल्यावर बदलीत आणि वर्ग घेत.

विरोध घरापर्यंत आला. जातभाईंनी गोविंदरावांना पेचात धरले. शाळा सोड, नाही तर घर सोड, असे बापाने मुलास सांगितले. १८४९ साली पतिपत्नी नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडली. त्या वेळी गंज पेठेतील उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असे चरित्रकार सांगतात. पुन्हा एक शेजारधर्म पाळणारे मुस्लिम घर! त्याच काळात सावित्रीबाईंच्या सोबतीने शिकवणाऱ्या फातिमा यांचा उल्लेख सावित्रीबाईंच्या एका पत्रात येतो.

ते पत्र १८५६ सालच्या ऑक्टोबरातले, नायगावहून पतीला लिहिलेले. सावित्रीबाई आजारातून उठण्यासाठी माहेरी आल्या होत्या. आपल्या गैरहजेरीत फातिमांवर कामाचा भार पडला असेल, पण त्या कुरकुर करणार नाहीत, असा विश्वास त्यांनी त्यात व्यक्त केला आहे. याच पत्रात माहेरच्या एका वादाची हकीकत आहे. नवराबायको महार-मांगांना शिकवता हे घराण्याला शोभत नाही, असे भाऊ म्हणाला. सावित्रीबाईंनी त्याला शांतपणे उत्तर दिले. जनावरांना तुम्ही जवळ करता, नागपंचमीला नागालाही दूध देता, मग माणसाला दूर का लोटता, असा त्यांचा सवाल होता. आईला आणि भावाला ते पटले. विद्यार्थिनींनो, नऊ वर्षांची असताना ज्या गावातून ती निरक्षर मुलगी सासरी गेली, त्याच गावात ती सोळा वर्षांनी आपल्या माणसांना विचार शिकवीत होती. मधल्या काळात तिला मिळाली होती ती पाटी-पुस्तकाची सोबत.

एव्हाना पुण्यात आणखी शाळा निघाल्या होत्या. १८५१ मध्ये चिपळूणकरांच्या वाड्यात व रास्ता पेठेत आणि १८५२ मध्ये वेताळ पेठेत. अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींसाठीही शाळा सुरू झाल्या. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. त्यांच्या शाळेतली मुक्ता ही मांग समाजातील मुलगी. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ज्ञानोदय पत्रात छापून आला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना बोलण्याची चोरी होती त्यांची एक लेक छापील अक्षरांत आपले दुःख मांडू लागली. थोड्या वर्षांची शाळा हा एवढा फरक करू शकते.

१८५६ च्या सुमारास जोतीरावांना मारण्यासाठी दोन मारेकरी घातले गेले, अशी हकीकत चरित्रांत आहे. जोतीरावांनी त्यांना कारण विचारले. वैर काहीच नव्हते, पैशासाठी आलो, असे त्यांनी कबूल केले. गरिबीने त्यांच्या हाती शस्त्र दिले होते. जोतीरावांनी न घाबरता, न रागावता बोलणे केले आणि ते दोघे त्यांचे अनुयायी झाले. त्यांपैकी धोंडीराम कुंभार पुढे शिकून सत्यशोधक समाजाचा विद्वान कार्यकर्ता झाला. परिस्थिती माणसाला मारेकरी बनवते, आणि परिस्थिती पालटली तर तोच माणूस पंडितही होतो.

कात्रजचा बोगदा आणि खडकवासल्याचे पाणी

समाजसेवा करणाऱ्याने पोटासाठी काय करावे? जोतीरावांनी कोणापुढे हात पसरला नाही. ते शेती करीत आणि कंत्राटदारीही करीत. भोरकर मंडळी पुण्याला जाताना ज्या जुन्या कात्रज घाटातून जातात, त्या घाटातील जुन्या बोगद्याच्या कामात जोतीरावांच्या कंपनीचा सहभाग होता, असे चरित्रकार नोंदवतात. वेल्हे तालुक्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या, पानशेत भागातील लोक ज्या खडकवासला धरणावरून शहरात जातात, त्या धरणाच्या बांधकामालाही त्यांनी माल पुरवला होता. आपल्या डोंगरातले पाणी ज्या भिंतीने अडवले तिला त्यांचे हात लागले आहेत. पुढच्या वेळी तिथून जाताना मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

या कामावर त्यांनी मजुरांचे हाल जवळून पाहिले, अधिकाऱ्यांची लाचखोरी पाहिली, खेड्यातून आलेला निरक्षर माणूस कागदावर अंगठा उठवून कसा नागवला जातो ते पाहिले. हा अनुभव त्यांच्या लेखनात उतरला. १८८३ सालच्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात शेतकऱ्याच्या घरातल्या मडक्या-गाडग्यांपासून कर्जाच्या कागदापर्यंत सारे तपशील आहेत. शेतकऱ्याची ही हकीकत त्यांनी स्वतः चिखलात उभे राहून मिळवली होती.

घरीही त्यांनी तसेच केले. १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तिथे जन्मलेल्या एका मुलाला पुढे दत्तक घेऊन डॉक्टर केले. तेच डॉ. यशवंत. १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुण्याच्या नगरपालिकेचे ते काही वर्षे सभासद होते.

सरकारपुढे मागणी

१८८२ साली शिक्षणाची पाहणी करण्यासाठी हंटर आयोग आला. जोतीरावांनी त्याला निवेदन दिले. सरकारी पैसा वरच्या शिक्षणावर खर्च होतो आणि ज्यांच्या कष्टातून तो गोळा होतो त्यांची मुले अडाणी राहतात, अशी त्यांची तक्रार होती. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांचा पगार दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा, मुलांना शेतीचे व आरोग्याचे पाठ शिकवावेत, असेही त्यांनी सुचवले.

सक्तीची ही मागणी बापावर अविश्वास म्हणून केलेली नव्हती. प्रत्येक गोविंदरावाच्या शेजारी मुन्शी राहत नाही, हे ते जाणून होते. ज्या मुलाचे नशीब एखाद्या शेजाऱ्याच्या भेटीवर अवलंबून राहिले होते, त्याने मोठेपणी मागितले ते असे की, कोणत्याही मुलाची शाळा अशी योगायोगावर राहू नये. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. त्याच महाराजांनी १९०६ साली मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात संस्था उभी केली होती. साऱ्या देशात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी, जोतीरावांच्या निवेदनानंतर १२८ वर्षांनी.

अखेरची वर्षे

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यातील सभेत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पुरे केले. ते १८९१ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. या पुस्तकात त्यांनी एका कुटुंबाची कल्पना मांडली आहे. आई अभ्यास करून बौद्ध धर्म स्वीकारते, बाप बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सत्यधर्मी होतो, आणि चौघेही एका घरात एकमेकांचा द्वेष न करता मायेने राहतात. हजरत पैगंबरांविषयीही जोतीरावांनी मानव महंमद नावाची आदराची कविता लिहिली.

ज्याच्या बालपणी एका बाजूला मुसलमान मुन्शी, दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती साहेब आणि वर्गात ब्राह्मण मित्र होते, त्याला असे कुटुंब सुचावे यात नवल ते काय? त्याने ते आपल्या आळीत पाहिलेच होते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात जोतीराव निवर्तले. सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाचे काम पुढे चालवले. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च रोजी त्या गेल्या.

आपण काय घ्यावे

पालकहो, चरित्र वाचून झाल्यावर माणसाने स्वतःकडे पाहावे. आपल्यापैकी अनेकांनी घरच्या अडचणीमुळे शाळा अर्धवट सोडलेली आहे. त्यामुळे शिकून तरी कोणाला नोकरी लागते, मुलीला दहावी पुरे झाली, मुलगा दुकानावर बसला तर चार पैसे येतील, हे बोल आपल्या तोंडी सहज येतात. ते बोल खोट्या अनुभवातून येत नाहीत. शिकूनही बेकार राहिलेली मुले आपण पाहिलीच आहेत. पण आपण जेवढे पाहिले तेवढेच जग आहे, असे धरून मुलांच्या आयुष्याचा निकाल देऊ नये. गोविंदरावांनी पहिल्यांदा तो दिला तेव्हा ते प्रामाणिक होते आणि तरीही चुकीचे होते. त्यांचा मोठेपणा असा की, दुसऱ्यांदा कोणी समजावले तेव्हा त्यांनी ऐकले आणि निकाल फिरवला.

म्हणून निर्णय घेण्यापूर्वी मुलाला आणि मुलीला काहीतरी नवे दाखवावे. नातेवाइकांत कोणी परिचारिका असेल, कोणी तलाठी, शिक्षक, वकील वा इंजिनिअर असेल, तर सुटीत मुलांना त्यांच्या कामाच्या जागी नेऊन आणावे. फॅरारबाईंची शाळा जोतीरावांनी पाहिली म्हणून भिडेवाड्यातली शाळा निघाली. शाळा-कॉलेज दूर आहे ही अडचण खरी आहे, डोंगरातल्या वाड्यांवर तर फारच खरी. पण मुलींना बारावीपर्यंत एस. टी.चा मोफत पास मिळतो, त्याची चौकशी शाळेत करावी. दोन-तीन घरच्या मुली मिळून गेल्या तर घरच्यांची काळजीही अर्धी होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाचे एखादे वर्ष वाया गेले असेल, कोणी वर्गात वयाने मोठा असेल. जोतीराव तीन वर्षे मळ्यात राबून चौदाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसले होते, हे ध्यानात ठेवा. घरचे नाही म्हणाले तर त्यांच्याशी भांडू नका, रुसूनही बसू नका. आपले म्हणणे त्यांना पटेल अशा माणसाला गाठा. मामा असोत, शाळेतले सर असोत, मोहल्ल्यातले कोणी बुजुर्ग असोत.

आणि अखेरचे मागणे मोहल्ल्यातल्या जाणत्या मंडळींकडे. दरवर्षी जूनमध्ये आपल्याच आळीतले एखादे मूल शाळेतून निघते. ते कोण हे आपल्याला आधी कळते, शिक्षकाला मागाहून. मुन्शींनी जे केले ते करायला पैसा लागत नाही आणि पदही लागत नाही. त्या घरी जावे, चहा घ्यावा, बापाची अडचण पुरती ऐकून घ्यावी आणि मगच बोलावे. एका भेटीत जमले नाही तर पुन्हा जावे. कारकुनाचा सल्ला त्या घरी पोहोचायला वेळ लागत नाही. आपला सल्ला त्याच्या आधी पोहोचला पाहिजे.